रानाची तारीख, आभाळाची तारीख

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत उन्हाळ्याची रात्र अंगणात निघायची. दिवस बुडाला की अंगणात पाणी शिंपायचं, माती जराशी निवली की बाजा टाकायच्या, आणि घरातली लहानथोर सगळी उताणी पडायची. आभाळ मुद्दाम पाहावं लागत नसे, डोळे उघडले की तेच दिसे. एप्रिल-मेच्या रात्री सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांना सप्तर्षी म्हणणारे गावात थोडेच होते. पुढच्या चार ताऱ्यांची खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर, असंच घरोघरी सांगत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड गावांत हिंडून तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून हे आकाश नोंदवून घेतलं, आणि २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही खाट आहे, चोर आहेत आणि मृगाच्या ताऱ्यांत दिसणारा नांगरही आहे. शेती करणाऱ्या, रानात राबणाऱ्या माणसाने आपल्या हातातल्या वस्तू वर मांडल्या, त्याचा हा पुरावा.

आता बाजा आत गेल्या. कुलर आले, खिडक्यांना ताट्या लागल्या. रानालगतच्या गावांत वाघ-बिबट्याच्या भीतीने अंगणात झोपायची सोयही उरली नाही. त्यामुळे ज्या पिढीला हवामान बदलताना पाहायचं आहे, तिच्याच डोळ्यांवरून आभाळ गेलं. मला हे नुसतं हळहळून सोडून देण्यासारखं वाटत नाही. आपल्या गावात ऋतू खरंच सरकलाय का, किती सरकलाय, हे समजायला एक न हलणारी खूण लागते. पाऊस हलतो, फुलोरा हलतो, थंडी हलते. तारे मात्र नेमल्या दिवशी नेमल्या जागी येतात. रानाची तारीख आभाळाच्या तारखेशी ताडून पाहणं हे आपल्या आजोबा-पणजोबांचं रोजचं काम होतं, आणि आज त्याची गरज त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त आहे.

मोहाचंच घ्या. मोहाची फुलं रात्री उमलतात. वटवाघळं त्यांच्यावर येतात, परागीभवन होतं आणि पहाटे त्या रसदार पाकळ्या गळून पडतात. फिक्या पिवळसर, बोटाच्या पेराएवढ्या, दाबल्या तर बोटं चिकट होतील इतक्या गोड. झाडाखाली उभं राहिलं तर टप्, टप् असा आवाज चहूकडून येत राहतो, आणि उजाडेपर्यंत जमीन भरून जाते. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत हा मोसम. बाया टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, कारण उशीर झाला की गुरंढोरं, हरणं, अस्वलं आधी पोचतात आणि ऊन चढलं की फूल मरगळतं. वेचलेली फुलं अंगणात वाळत घालतात. चार-पाच दिवस कडक ऊन मिळालं की ती तांबूस होतात आणि वर्षभर टिकतात. त्याच दिवसांत पावसाचा एक शिंतोडा आला तरी ती काळी पडतात, बुरशी धरते, आणि व्यापारी हात लावत नाही.

मार्च संपत आला असताना पहाटे चारच्या सुमारास मोहाखाली उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं, तर विंचू बरोबर मध्यावर आलेला असतो. त्याच्या पोटातला तांबडा तारा म्हणजे ज्येष्ठा. हात लांब करून मूठ आवळली तर ती आभाळाचा अंदाजे १० अंश भाग झाकते. या मापाने ज्येष्ठा क्षितिजापासून चार-साडेचार मुठी वर असते. ईशान्येला अभिजित लखलखत असतो. पाठ फिरवून उत्तरेकडे पाहिलं तर ध्रुव दोन मुठींवर, म्हणजे २० अंशांवर, कारण चंद्रपूर-गडचिरोलीचा अक्षांशच २० च्या आसपास आहे. हे दृश्य दरवर्षी त्याच तारखेला त्याच वेळी असंच असतं. कोणीही, कुठल्याही गावातून, कुठलंही उपकरण न घेता ते तपासू शकतो.

मोह मात्र असा बांधलेला नाही. एक झाड लवकर फुलतं, शेजारचं पंधरा दिवस मागे राहतं, आणि दरेक झाडाची आपली सवय असते. म्हणून दोन वेगवेगळ्या झाडांची तुलना करून काही हाती लागत नाही. एकच झाड वर्षानुवर्षं पाहावं लागतं. वेचणाऱ्या बायकांना ही गोष्ट पक्की ठाऊक आहे. त्या झाडाला नावाने ओळखतात, कुठलं आधी पडतं आणि कुठलं मागून हे बोटांवर सांगतात. आरमोरी तालुक्यात एका बाईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मोहाचा काई नेम नाई आता, जी. फुलं टपकाले लागले का पानी येते.” मार्च-एप्रिलचा अवकाळी पाऊस विदर्भाला नवा नाही. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभामागून येणारी थंड कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा आमच्या डोक्यावर भिडली की वादळ होतं, गारा पडतात. पण तो आधी किती वेळा यायचा आणि आता किती वेळा येतो, हे नुसत्या आठवणीवरून ठरवता येत नाही. माणसाला नुकसानीचं वर्ष लक्षात राहतं, सुरळीत गेलेलं विसरतं. त्या बाईंचं निरीक्षण मोलाचं आहे, आणि म्हणूनच ते तारखेसह कुठेतरी लिहिलेलं असायला हवं होतं.

मोहाखालची जमीन साफ व्हावी म्हणून काही जण खालचा पाला पेटवतात. ही आग कधी कधी रानभर जाते. फेब्रुवारी ते मे या काळात उपग्रहाच्या चित्रांत या दोन जिल्ह्यांवर लाल ठिपके उमटतात, त्यांतले काही या आगींचे. पाला झाडून काढला किंवा झाडाखाली जाळी अंथरली तर हेच काम आगीवाचून होतं, आणि जिथे ग्रामसभांनी मनावर घेतलं तिथे ते होतंही.

पहाटेच्या आभाळाबद्दल इतकं लिहिताना एक गोष्ट सांगायलाच हवी. ताडोबाभोवतीच्या आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या रानात अंधारात पाऊल टाकणं जिवावरचं काम आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तारे पाहण्यासाठी कोणी रानात शिरू नये. गावातल्या गच्चीवरूनही तेच आभाळ दिसतं, फक्त तिथला दिवा डोळ्यांवर येता कामा नये.

जूनमध्ये सगळे मृगाची वाट पाहतात. मृग लागतो साधारण ७-८ जूनला, पण त्या दिवशी मृगाचे तारे आभाळात दिसत नाहीत. सूर्य त्या नक्षत्राच्या भागात आलेला असतो, म्हणून ते तारे दिवसा सूर्यासोबत उगवतात आणि त्याच्यासोबत मावळतात. मृग पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी पूर्वेला पाहावा. तीन तारे सरळ रेषेत, ज्यांना कोणी तिकांडं म्हणतात. आपल्या पूर्वजांनी सूर्यामागचे न दिसणारे तारे मोजून पावसाचं वेळापत्रक बांधलं, ही केवढी मोठी बुद्धी! रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुढे हस्तापर्यंत, प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं.

हे वेळापत्रकही अगदी अचल नाही, हे मान्य केलं पाहिजे. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या आसासारखा संथ फिरतो, त्यामुळे ऋतूंच्या हिशेबाने सूर्याचा नक्षत्रप्रवेश साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी, मृग आजच्या मानाने तीन आठवडे आधी लागत होता. पण आजोबापासून नातवापर्यंतच्या काळात हा फरक एका दिवसाचा. शेतकरी ज्या गोंधळाबद्दल बोलतो, तो एका दिवसाचा नाही.

आमच्या भागात धान पिकतो. मृगाच्या सरींवर पऱ्हे टाकायचे, रोपं वीतभर झाली आणि बांधीत पाणी साचलं की रोवणी. पहिला पाऊस येऊन दोन-तीन आठवडे दडी मारून बसला की पऱ्हे पिवळे पडतात. उशिरा एकदम कोसळला की बांध फुटतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. याच काळात पावसाची एकूण बेरीज मात्र वाढली नाही. म्हणजे रिमझिम कमी झाली आणि मुसळधार वाढली. कारण साधं आहे. हवा एका अंशाने तापली तर ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. ती वाफ गोळा व्हायला वेळ लागतो, मध्ये खंड पडतो, आणि पडायला लागली की सगळी मिळून पडते.

भामरागडला पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली जातो आणि तालुका जगापासून तुटतो, हे आम्ही पावसाळ्यात दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला, गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडलं गेलं आणि ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंजकडची गावं पाण्यात गेली. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहितेच्या पाण्याने सिरोंचा तालुका बुडाला. या पुरांना धरणांचं व्यवस्थापनही कारण असतं, सगळं हवामानबदलावर ढकलून मोकळं होता येत नाही. पण पाऊस असाच झोडपणार असेल, तर ते पाणी अडवायला आमच्याकडे जुनी सोय आहे. गोंड राजांच्या आणि मालगुजारांच्या काळचे तलाव आणि शेताच्या वरच्या अंगाला बांधलेल्या बोड्या. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या तालुक्यांत त्यांची माळ आहे. गाळाने भरलेला एक तलाव मोकळा करणं हे माझ्या मते दहा परिषदांपेक्षा मोलाचं काम आहे.

पावसाच्या खुणांविषयी निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर ऐकून, पाहून लिहिलं. कावळ्याचं घरटं किती उंचावर, टिटवीने अंडी नदीच्या पात्रात घातली की काठावर, अशा कितीतरी. त्यांतली प्रत्येक खूण खरी ठरेलच असं नाही, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. एक खूण मात्र मला भौतिकशास्त्राच्या कसोटीवर उतरलेली दिसते, ती चंद्राच्या खळ्याची. आमच्याकडे म्हणतात, खळं चंद्राला चिकटून असेल तर पाऊस लांब, खळं मोठं आणि लांबवर असेल तर पाऊस जवळ. गोंडांमध्येही चंद्राभोवतीच्या वलयावरून पावसाचा अंदाज बांधतात. चंद्राला चिकटलेलं लहानसं रंगीत वलय पातळ ढगातल्या बारीक जलबिंदूंमुळे उमटतं. मोठं खळं वेगळंच. ते पाच-सहा मैल उंचीवरच्या तंतूमेघांतल्या बर्फाच्या षट्कोनी कणांमुळे पडतं. प्रकाश त्या कणांतून वळून येतो, म्हणून त्याची त्रिज्या कुठल्याही देशात, कुठल्याही ऋतूत २२ अंशच भरते, म्हणजे दोन मुठींहून थोडी जास्त. आणि पाऊस घेऊन येणाऱ्या ढगांच्या पुढे, एक-दोन दिवस आधी, हेच उंच तंतूमेघ पसरतात. मोठं खळं दिसल्यावर पाऊस येतोच असं नाही, पण ही समजूत हवेतून आलेली नाही.

आता उन्हाविषयी. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं एप्रिल-मेमध्ये देशभरच्या बातम्यांत येतात. मे २०१९ च्या शेवटी चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता. लोक लगेच औष्णिक वीज केंद्राकडे बोट दाखवतात. ते कारण अपुरं आहे. २० मेच्या सुमारास चंद्रपुरात शून्य सावली दिवस असतो, सूर्य दुपारी नेमका माथ्यावर येतो. दोन महिन्यांनी, जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तो परत माथ्यावर येतो, पण तेव्हा ढग आणि ओली जमीन त्याचा ताप झेलतात. मेमध्ये ढग नाही, माती वाळलेली, सागाची पानं गळलेली, समुद्र लांब, वायव्येकडून झोंबणारा कोरडा वारा. म्हणून हा प्रदेश तापतो, आणि खाणी निघण्याच्या आधीही तो तापतच होता. २५ मेपासूनचा नऊ दिवसांचा ताप, नवतपा, आमच्या आजीला माहीत होता.

नवी गोष्ट आहे ती न निवणाऱ्या रात्रीची. दिवसाचा पारा बातमीत येतो, रात्रीचा येत नाही. पण माणूस, गुरं आणि रोपं या सगळ्यांना दुसऱ्या दिवशी उभं राहायचं बळ मिळतं ते रात्र निवते म्हणून. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी आभाळात सोडते. हवा कोरडी आणि निरभ्र असेल तर ही उष्णता सरळ अवकाशात निघून जाते. ज्या रात्री तारे सर्वांत स्वच्छ दिसतात त्याच रात्री जमीन सर्वांत जास्त निवते, कारण वरून ताऱ्यांचा प्रकाश खाली यायला जशी मोकळी वाट असते तशी खालची उष्णता वर जायलाही असते. आमच्या भागातल्या हिवाळ्यातल्या कडाक्याच्या पहाटेचं कारण हेच. वाफ, ढग आणि कार्बन डायऑक्साइड ही वाट अडवतात. पृथ्वीवर टाकलेली ती गोधडीच. औद्योगिक काळाच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. २०२४ हे वर्ष औद्योगिकपूर्व काळाच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक गरम गेलेलं पहिलं वर्ष ठरलं.

शहरात याच्या जोडीला सिमेंट आणि डांबर आहे. ते दिवसभर ऊन पितात आणि मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतात. मेमधल्या रात्री अकराच्या सुमारास स्वाती तारा चंद्रपूरच्या बरोबर डोक्यावरून जातो, जेमतेम एका अंशाच्या फरकाने. त्या वेळी शहरातल्या गच्चीवर तळवे भाजतात. तिथून ताडोबाकडच्या मोहर्लीच्या बाजूला निघालं की शहर मागे पडल्यावर हातावरून थंड झुळूक जाते. हा फरक कोणालाही कळतो, त्याला थर्मामीटर लागत नाही. तरी थर्मामीटर लावावा असंच मी म्हणेन.

आणि ही गोधडी विणण्यात आमचा वाटा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं, राज्य सरकारच्या वीज केंद्रांत सर्वांत मोठं. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, बल्लारपूर, माजरी इथल्या खाणींतून निघणारा कोळसा म्हणजे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचं रान आहे. तेव्हा ही भूमी दक्षिणेकडे, गोंडवन नावाच्या महाखंडात होती, आणि इथल्या दलदलीत ग्लॉसोप्टेरिस नावाची, जिभेसारख्या पानांची झाडं वाढत होती. त्या रानाने त्या काळच्या हवेतला कार्बन घेऊन जमिनीत पुरला. आपण तो एका शतकात बाहेर काढून जाळतो आहोत. त्यातही कोळशात असलेल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते, बाकीची धुराड्यातून आणि शीतक मनोऱ्यांतून हवेत जाते. मुंबई-पुण्याचे दिवे या विजेवर लागतात, आणि राख मात्र चंद्रपूरच्या छपरांवर बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चंद्रपूर चौथं होतं.

हवेतल्या धुळीवर दिव्यांचा उजेड पडतो आणि आभाळ राखी-नारिंगी होतं. चंद्रपूर शहरातून मृगाचे ठळक तारे दिसतात, त्याच्या तिकांड्याखालचा धूसर ठिपका चाचपडत शोधावा लागतो, आकाशगंगा दिसतच नाही. एटापल्ली-भामरागडच्या बाजूला मेच्या मध्यरात्रीनंतर तीच आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, मधोमध काळ्या फटीसकट उभी असते. पण तिथेही दर वर्षी क्षितिजावर एखादा नवा उजेडाचा डाग उगवतो. संशोधक ख्रिस्टोफर कायबा आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमवून २०२३ साली सांगितलं की आभाळाचा उजेड दरवर्षी ७ ते १० टक्क्यांनी वाढतो आहे. आज जिथे २५० तारे दिसतात तिथे जन्मलेलं मूल अठरा वर्षांचं होईल तेव्हा त्याला १०० दिसतील. या नोंदी मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या. आमच्या रानातून गेलेल्या नोंदी नगण्य, म्हणून आमच्या आभाळाचं काय चाललंय हे जगाला ठाऊक नाही.

अंधार वाचवा, असं नागपूर-पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. ज्या गावात वाघाने माणूस नेला आहे, तिथली माणसं ग्रामपंचायतीकडे दिवा मागणारच, आणि त्यांनी मागितलाच पाहिजे. पण प्रश्न दिवा असावा की नसावा हा नाहीच. तो कुठे तोंड करून असावा हा आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने हे करून दाखवलं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली उजेड टाकणारे लावले, वाघोलीला निरीक्षण मनोरा उभारला, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. वर टोपी असलेल्या दिव्याचा सगळा उजेड रस्त्यावर पडतो. रस्त्यावरचा माणूस आणि जनावर दोन्ही अधिक नीट दिसतात, वीजही कमी लागते. ताडोबाच्या भोवतालची गावं आणि तिथली रिसॉर्टं हे करू शकतात. वाघ दाखवायला पर्यटक आणता, त्याला रात्री आकाशगंगाही दाखवा.

आभाळाकडे पाहणारी माणसं असली की काय होतं, हे २ एप्रिल २०२२ ला दिसलं. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास पेटलेल्या तुकड्यांची एक रांग विदर्भावरून, खानदेशावरून, मध्य प्रदेशावरून गेली. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पेटलं म्हणालं. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आभाळातून एक कडं पडलं, धातूचं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. नंतर आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. उल्का आणि हे यांतला फरक डोळ्यांनीच करता येतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत विझते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवी शिरते, म्हणून ती मिनिटभर रेंगाळत, तुटत, वेगवेगळ्या रंगांत जळत जाते. चंद्रपूरच्या स्काय वॉच ग्रुपचे प्रा. सुरेश चोपणे यांच्यासारखी माणसं इथे वर्षानुवर्षं लोकांना आकाश दाखवत आली आहेत, त्यामुळे अफवा पसरण्याआधी बोलायला कोणीतरी होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा परत येताना जळाला, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. इस्रोची माणसं लाडबोरीला येऊन अवशेष पाहून गेली. गावकऱ्यांनी वेळ, दिशा, आवाज सगळं सांगितलं, आणि ते उपयोगी पडलं.

नीट पाहणं आणि पाहिलेलं टिकवून ठेवणं याला पदवी लागत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या बांधीत पटेल-३ या वाणाच्या धानात दोन-तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, आणि हे वर्षांमागून वर्षं केलं. त्यातून आलेला बारीक, चवदार तांदूळ त्या वेळी नावाजलेल्या घड्याळाच्या नावाने एचएमटी म्हणून विकला जाऊ लागला आणि देशभर गेला. ३ जून २०१८ ला दादाजी गेले. हजारो लोंब्यांत दोन वेगळ्या दिसणं आणि दिसल्यावर त्या सोडून न देणं, याला मी विज्ञान म्हणतो.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. अशा ग्रामसभांना आज बांबूचा, तेंदूपत्त्याचा हिशेब ठेवावाच लागतो. त्या वहीत आणखी एक पान जोडावं, ही माझी विनंती आहे. गावातला एक मोह ठरवा. त्याचं पहिलं फूल कधी पडलं, शेवटचं कधी, मध्ये पाऊस किती वेळा आला, पहिला काजवा कुठल्या तारखेला दिसला, पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी झाली, एवढं लिहा. शाळेत एक साधा कमाल-किमान तापमापक लावा आणि रात्रीचा आकडा आधी लिहा, दिवसाचा नंतर. जानेवारीच्या अमावास्येला, रात्री नऊ वाजता, मुलांना अंगणात उभं करून मृगात किती तारे दिसतात ते मोजायला लावा आणि तो आकडाही त्याच पानावर घ्या. झाडांच्या नोंदींसाठी सीझनवॉच आणि आभाळाच्या नोंदींसाठी ग्लोब ॲट नाइट हे उपक्रम चालू आहेत. तिथे त्या पाठवता येतात, पण पाठवल्या नाहीत तरी वही गावात राहू द्या. दहा वर्षांनी ती वही जिल्हाधिकाऱ्यांपुढे, हवामान खात्यापुढे आणि खाण कंपनीपुढे ठेवता येईल, आणि “मोहाचा काई नेम नाई” या वाक्याला तारखांचा आधार असेल. येत्या फाल्गुनात पहिलं फूल पडेल, त्या दिवशी सुरुवात करा.